२८२ गुणांचा सत्कार

गेल्या वर्षी माझ्या हातून एक अन्याय झाला. तो कोणाच्या लक्षात आला नाही, उलट त्यावर टाळ्या पडल्या. म्हणूनच तो लिहून काढावा असे वाटले.

आमच्या भागातल्या एका मराठी संस्थेतर्फे कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींना दरवर्षी पुरस्कार दिले जातात. कसोट्या तीन: विद्वत्ता, नेतृत्व आणि सेवा. एक हजार डॉलर, एक स्मृतिचिन्ह आणि पाहुण्यांच्या हस्ते सत्कार. संस्थेचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मुद्दा एका संस्थेचा नाही. थोड्याफार फरकाने हेच शब्द, हीच कसोटी आणि हाच समारंभ अमेरिकेत सगळीकडे दिसेल, आपल्या मंडळांत आणि मोठमोठ्या कॉलेजांतही. मी श्रूजबरीत राहते, संशोधन हा माझा पोटापाण्याचा व्यवसाय आहे, नावाला डॉक्टरेट जोडलेली आहे. तेव्हा निवड समितीत मला घेणे संस्थेला साहजिक वाटले आणि खरे सांगायचे तर मलाही. चौदा अर्ज आले. शेवटच्या एका पुरस्कारासाठी दोन उरले.

पहिला अर्ज एका नामांकित कॉलेजातल्या मुलाचा. जीपीए ३.९. शाळेत असतानाच त्याने एक ना-नफा संस्था काढली होती आणि जुने लॅपटॉप जमवून साताऱ्याकडच्या एका शाळेला पाठवले होते. शिवाय एका उन्हाळ्यात प्रयोगशाळेत सहा आठवडे संशोधन. ती प्रयोगशाळा माझीच. मुलाची आई माझी पुण्यातली कॉलेजची मैत्रीण. "अगं, त्याला जरा तुझ्याकडे येऊ दे ना," असा तिचा फोन आला होता आणि मी हो म्हटले होते. शिफारसपत्रही माझेच होते. मुलगा गुणी आहे, कामसू आहे, त्याच्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. पण मी निवडीतून बाजूला झाले नाही, आणि कोणी मला तसे सुचवलेही नाही. याला भारतात आपण वशिला म्हणतो. इथे त्याला नेटवर्किंग म्हणतात.

दुसरा अर्ज एका मुलीचा. क्विनसिगमंड कम्युनिटी कॉलेजात दुसरे वर्ष, नर्सिंगला जायची तयारी, जीपीए ३.३. वडील दुकानात काउंटरवर. आईचे आठवड्यातून तीनदा डायलिसिस. तिला ने-आण करायची, डॉक्टरांशी बोलायचे, विम्याची पत्रे वाचायची, सगळे हीच करते. शनिवार-रविवार रात्रपाळीला वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये सहायकाचे काम. अर्जातल्या 'नेतृत्व' या चौकटीत तिने लिहिले होते, 'लिहिण्यासारखे काही नाही.' 'सेवा' या चौकटीत, 'वेळ मिळाला नाही.'

बैठकीत एकजण म्हणाले, "मुलगी चांगली आहे हो, पण प्रोफाइल नाही." मी मान डोलावली. पाच मिनिटांत निर्णय झाला.

समारंभानंतर चहाच्या टेबलापाशी तिचे वडील भेटले. कसलीही कटुता नाही. अगदी मनापासून विचारले, "मॅडम, पुढच्या वर्षासाठी पोरीनं काय करायला पाहिजे?" आणि मी, डॉक्टरेट घेतलेली बाई, त्यांना म्हणाले, "कुठेतरी स्वयंसेवेचे तास दाखवता आले तर बघा."

घरी येताना गाडीत माझ्याच वाक्याचा अर्थ माझ्या डोक्यात उतरला. ही मुलगी रात्रभर म्हाताऱ्या माणसांना कुशीवर वळवते, त्यांची अंथरुणे बदलते, त्यांना संडासला नेते. त्याच प्रकारच्या नर्सिंग होममध्ये आपल्यातली काही मुले रविवारी दुपारी तासभर व्हायोलिन वाजवायला जातात. त्या तासाची सेवेत नोंद होते, तिच्या रात्रीची होत नाही. का, तर तिला त्याचे पैसे मिळतात. म्हणजे आपल्या लेखी सेवा ती, जी करायला आधी घरी पैसे असावे लागतात.

मित्रहो, आता मी तुम्हाला दुसऱ्या एका सत्काराची आठवण करून देते. साल १९०७. मुंबईत एका मुलाने मॅट्रिकची परीक्षा दिली आणि ७५० पैकी २८२ गुण मिळवून तो पास झाला. ३७.६ टक्के. संस्कृत शिकायची त्याची इच्छा होती, पण अस्पृश्य मुलाला संस्कृत शिकवायला शिक्षक तयार नव्हते, म्हणून त्याला फारसी घ्यावी लागली. त्या काळी मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला संस्कृतात पहिला येणाऱ्याला जगन्नाथ शंकरशेट यांच्या नावाची शिष्यवृत्ती मिळे. पुढे १९१२ मध्ये ती चिंतामणराव देशमुखांना मिळाली. देशमुखांच्या बुद्धीबद्दल शंका घ्यायचे कारणच नाही. शंकरशेटांनाही दोष नाही. प्रश्न एवढाच की ज्या विषयाच्या वर्गात काही मुलांना बसूच दिले जात नव्हते, त्या विषयातल्या पहिल्या क्रमांकाला आपण गुणवत्ता म्हणत होतो.

भीमराव आंबेडकर पास झाले म्हणून सभा भरली. अध्यक्ष होते सीताराम केशव बोले. कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजी तिथे होते. चर्नी रोडच्या बागेत पुस्तक घेऊन बसणाऱ्या या मुलाला ते ओळखत होते. त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. आपल्या समारंभात इथपर्यंतचे सगळे असते: अध्यक्ष, भाषण, भेटवस्तू. फरक पुढे आहे. पुढे इंटरनंतर शिक्षणाचा खर्च झेपेना, तेव्हा हेच केळुसकर सयाजीराव गायकवाडांकडे त्याच्यासाठी गेले आणि महाराजांनी दरमहा २५ रुपये मंजूर केले. १९१२ साली तो बी.ए. झाला. १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर, दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, तो न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात आला. त्याच विद्यापीठाने १९५२ साली त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. आणि त्या सभेचे अध्यक्ष बोले? १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव त्यांनीच मांडला. १९२७ चा महाडचा सत्याग्रह झाला तो त्या ठरावाची अंमलबजावणी कागदावरच राहिली म्हणून.

सत्कार म्हणायचा तर याला. ज्यांनी सत्कार केला ते त्या मुलाला पुढची पंधरा-वीस वर्षे विसरले नाहीत. आपण फोटो काढतो आणि पुढच्या वर्षी नवा हॉल बुक करतो.

माझ्या समितीपुढे १९०७ सालचा तो अर्ज आला असता तर? ३७.६ टक्के. नेतृत्व: काही नाही. सेवा: काही नाही. राहण्याचे ठिकाण: परळची चाळ, एका खोलीत सगळे घर. आम्ही म्हटले असते, "मुलगा चांगला आहे हो, पण प्रोफाइल नाही." दरवर्षी १४ एप्रिलला फोटोला हार घालणारी मंडळी आम्ही!

आता 'नेतृत्व' या शब्दाचा इतिहास पाहू, कारण तो आपल्याला कोणी सांगत नाही. हार्वर्डमध्ये पूर्वी प्रवेश मुख्यतः परीक्षेवर मिळे. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या विद्यार्थ्यांत ज्यू मुलांचे प्रमाण पाचव्या हिश्शाच्या वर गेले. ही बहुतेक स्थलांतरितांची मुले, परीक्षेत हुशार. अध्यक्ष लॉवेल यांना ते खुपले. १९२२ साली त्यांनी ज्यूंसाठी सरळ मर्यादा घालायचा घाट घातला. उघड मर्यादेला विरोध झाला. मग १९२६ पासून प्रवेशाच्या निकषांत 'चारित्र्य' आणि 'व्यक्तिमत्त्व' यांचे वजन वाढवण्यात आले. येल आणि प्रिन्स्टन याच वाटेने गेले. जेरोम कॅराबेल यांनी 'द चोझन' या २००५ च्या पुस्तकात ही सगळी कहाणी त्या विद्यापीठांच्याच कागदपत्रांतून काढून दाखवली आहे. थोडक्यात, पुस्तकी हुशारीपलीकडचे काहीतरी 'उमदे' शोधण्याची ही पद्धत रुजली ती स्थलांतरितांच्या मुलांना दाराबाहेर ठेवण्यासाठी. आज स्थलांतरितांची आपली मंडळी तीच फूटपट्टी हातात घेऊन आपल्यातल्याच गरिबांना मोजते आहे. याला काय म्हणावे?

आणि ही जुनी गोष्ट झाली असे नाही. २०२३ साली राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आयव्ही लीगची आठ विद्यापीठे आणि त्यांच्या बरोबरीची स्टॅनफर्ड, एमआयटी, ड्यूक, शिकागो, अशा बारा ठिकाणांचा. परीक्षेतले गुण सारखेच असले तरी सर्वात श्रीमंत एक टक्का घरांतली मुले मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक प्रमाणात तिथे पोचतात. कारणे तीन सापडली: आईवडील तिथेच शिकलेले असणे, खेळाडूंची भरती आणि अभ्यासाबाहेरच्या गोष्टींचे गुण. यातल्या तिसऱ्याकडे लक्ष द्या. अभ्यासाबाहेरच्या गोष्टी म्हणजे हेच आपले नेतृत्व आणि हीच आपली सेवा. वैज्ञानिक म्हणून हेही सांगितले पाहिजे की त्याच अभ्यासात परीक्षेतल्या गुणांचा पुढच्या यशाशी संबंध दिसला. त्या तीन गोष्टींचा मात्र तसा दिसला नाही. म्हणजे गुणपत्रिका निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. मी म्हणते आहे की आपण जिला गुणपत्रिकेहून अधिक माणुसकीची कसोटी समजतो, तीच पैशाला सर्वात जास्त वश असते. नकली खेळाडू तयार करून प्रवेश विकत घेण्याचे २०१९ सालचे प्रकरण आमच्या बॉस्टनच्याच कोर्टात चालले. ते बेकायदेशीर होते. कायदेशीर मार्गाने ना-नफा संस्था काढून देणारे सल्लागार मात्र राजरोस जाहिराती करतात.

आपल्यातल्या काहींना हे वाचून राग येईल. "आम्ही दोन सूटकेसी घेऊन आलो, कोणाचा वशिला नव्हता, फक्त मेहनत," हे वाक्य मी शंभर वेळा ऐकले आहे आणि स्वतः म्हटलेही आहे. मेहनत खरी आहे. पण संजॉय चक्रवर्ती, देवेश कपूर आणि निर्विकार सिंग यांनी अमेरिकेतल्या भारतीयांवरच्या पुस्तकात तिहेरी चाळणी दाखवली आहे. आधी जात आणि वर्ग यांच्या जोरावर उच्च शिक्षणापर्यंत पोचणे, मग प्रवेशपरीक्षा, मग १९६५ च्या कायद्यानंतर शिकलेल्यांना प्राधान्य देणारी अमेरिकेची दारे. तीन चाळण्यांतून उरलेले आपण. माझ्या आजोबांना संस्कृत शिकवायला कोणी नकार दिला नव्हता. माझ्या दोन सूटकेसींच्या तळाशी ती एक गोष्ट होती. तिचे वजन विमानतळावर होत नाही एवढेच.

आणि आता चौथी चाळणी आपण घरच्या घरी बसवली आहे. श्रूजबरी आणि वुस्टर यांच्यामध्ये क्विनसिगमंड तलाव आहे. रूट नाइनवरच्या पुलाच्या अलीकडे चांगल्या शाळांसाठी महाग घरे घेतलेले आपण. पलीकडे वुस्टरची तीन मजली लाकडी घरे, मजल्यावर एकेक भाडेकरू. त्या घरांतही मराठी बोलले जाते, पण गणपतीच्या दिवसाखेरीज त्यांची आणि आपली गाठ पडत नाही. पूल ओलांडायला दोन मिनिटे लागतात.

कोणी म्हणेल, पुरस्कार वेगळा आणि मदत वेगळी. गरजूंना मदत करायला इतर संस्था आहेत. मग आपल्याच राज्याचा अनुभव पाहा. मॅसॅच्युसेट्सने २००४ साली जॉन आणि ॲबिगेल ॲडम्स यांच्या नावाने शिष्यवृत्ती सुरू केली. राज्याच्या परीक्षेत आपल्या शाळा-जिल्ह्यातल्या वरच्या पंचवीस टक्क्यांत आलेल्यांना सरकारी कॉलेजात ट्यूशन माफ. ऐकायला फार छान. पण तिथे खर्चाचा मोठा भाग ट्यूशन नसून इतर शुल्कांचा होता, आणि तो तसाच राहिला. सारा कोहोडीस आणि जोशुआ गुडमन यांनी २०१४ साली दाखवले की या शिष्यवृत्तीमुळे काही मुले अधिक चांगली कॉलेजे सोडून इथे आली आणि त्यांचे पदवी पूर्ण करण्याचे प्रमाण घटले. गुणवत्तेचा सन्मान केला आणि मुलांचेच नुकसान झाले. उलट २०२२ साली राज्यातल्या मतदारांनी दहा लाख डॉलरच्या वरच्या उत्पन्नावर चार टक्के जादा कर मंजूर केला. त्यानंतर २०२३ मध्ये पंचविशी ओलांडलेल्या आणि पदवी नसलेल्यांना, आणि २०२४ मध्ये सगळ्यांनाच कम्युनिटी कॉलेज मोफत झाले. निबंध लिहा म्हटले नाही, नेतृत्व सिद्ध करा म्हटले नाही. त्या मुलीची फी भरली गेली ती अशी. आपल्या स्मृतिचिन्हाने नाही.

दुसरा आक्षेप: "मग काय, हुशार मुलांचे कौतुकच करायचे नाही?" जरूर करा. कौतुकाला पैसे लागत नाहीत. त्या सर्व चौदा मुलांना व्यासपीठावर बोलवा, नावे घ्या, टाळ्या वाजवा. पण हजार डॉलर ज्या घरात एका महिन्याच्या क्लबची फी आहेत तिथे न देता ज्या घरात त्यातून सेमिस्टरची पुस्तके येतात तिथे द्या.

तिसरा आक्षेप: "आंबेडकर एकच असतात." हा युक्तिवाद मला सर्वात संतापजनक वाटतो. एकच होते, कारण बाकीच्यांना केळुसकर भेटले नाहीत. आणि नुसती शिष्यवृत्तीही पुरत नाही. कोलंबियात शिकून १९१७ साली ते करारानुसार नोकरीसाठी बडोद्याला गेले, तेव्हा शहरात राहायला त्यांना जागा मिळेना. अपवादात्मक माणसाचे जे झाले त्यावरून साध्या मुलामुलींचे काय होत असेल याचा अंदाज बांधावा.

कष्ट आणि शिक्षण यांना एकत्र मोजायची आपली स्वतःची परंपरा आहे, ती अमेरिकेकडून उसनी घ्यावी लागत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुले एकत्र राहिली, एकत्र जेवली आणि राबून शिकली. 'कमवा आणि शिका' हे तिथे कमीपणाचे नव्हते, ते शिक्षणच होते. त्या मुलांनी अर्जात 'वेळ मिळाला नाही' असे लिहिले असते तर भाऊरावांनी ते गुण म्हणून वाचले असते.

केवळ टीका करून थांबणे बरोबर नाही. म्हणून माझ्या सूचना:

१) अर्जातली 'सेवा' ही चौकट बदलावी. पगारी काम, घरातल्या आजाऱ्याची देखभाल, धाकट्या भावंडांचा सांभाळ, आईवडिलांसाठी दुभाषाचे काम, हे सगळे तासांसह लिहायला जागा असावी आणि ते स्वयंसेवेच्या बरोबरीने धरावे.

२) 'नेतृत्व' हा शब्द काढून टाकावा. त्याऐवजी एकच प्रश्न विचारावा: तुझ्यावाचून कोणाचे अडते आणि का?

३) समितीतल्या ज्या व्यक्तीची अर्जदाराच्या कुटुंबाशी मैत्री आहे किंवा जिने शिफारसपत्र दिले आहे, तिने त्या निवडीतून उठून जावे. हा नियम नसल्याचा पहिला फायदा मी घेतला, म्हणून तो मीच सुचवते.

४) रक्कम गरजेप्रमाणे द्यावी, आणि एकदाच न देता पदवी मिळेपर्यंत दरवर्षी द्यावी. चार जणांना एकेक हजार देण्याऐवजी एकाला चार वर्षे दिले तर बिघडत नाही.

५) प्रत्येक निवडलेल्या मुलामागे समितीतल्या एकाने केळुसकर व्हावे. फोन करावा, अर्ज वाचून द्यावा, ओळखीच्या दारांवर त्याच्यासाठी थाप मारावी. मैत्रिणीच्या मुलासाठी आपण हे न सांगता करतोच.

पाचवी सूचना मी स्वतःपुरती अमलात आणली आहे. या उन्हाळ्यापासून माझ्या प्रयोगशाळेतली विद्यार्थ्याची जागा फोनवर मिळणार नाही. ती जाहीर होते, तिला पगार आहे, आणि ती जाहिरात तलावाच्या पलीकडच्या कॉलेजांतही लावली जाते. मैत्रीण काही दिवस माझ्याशी बोलत नव्हती. आता बोलते.

त्या मुलीच्या वडिलांना मी फोन केला. म्हटले, मी त्या दिवशी तुम्हाला चुकीचे सांगितले, तिने वेगळे काही करायला नको आहे, आम्ही करायला हवे आहे. ते जरा थांबून म्हणाले, "जाऊ द्या मॅडम, तिची तर आता रात्रपाळी वाढलीय." या वाक्यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही.

समितीची पुढची बैठक जानेवारीत आहे. या पाच सूचना मी लेखी दिल्या आहेत. दोघांचा पाठिंबा आहे, तिघांचा विरोध. तुमच्या गावच्या संस्थेत असे पुरस्कार असतील तर गेल्या पाच वर्षांच्या विजेत्यांची यादी काढा आणि त्यांतल्या किती जणांचे आईवडील तासावर पगार घेतात ते मोजा. आकडा मला कळवा. बैठकीत मला मतांपेक्षा आकड्यांचा उपयोग जास्त होईल.